केळीच्या खोडापासून कानाच्या पडद्यापर्यंत: वनस्पतीजन्य ठिगळ कोणत्या क्रमाने तपासायचं

प्रबंधाचे विषय ठरायच्या दिवसांत आमच्या प्रयोगशाळेच्या दारात कुणी ना कुणी एक डबी घेऊन उभं राहतं. डबीत कधी केळीच्या खोडापासून काढलेली पातळ फिल्म असते, कधी कापसाच्या सेल्युलोजची, तर कधी धुऊन पारदर्शक केलेलं एखादं पान. आणि वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, कानाच्या फाटलेल्या पडद्याला लावायचंय, पेशींवर टेस्ट करून द्या."

पेशींवरची चाचणी खाली सहाव्या टप्प्यात येते. आधीचे पाच टप्पे झालेलेच नसतात, आणि मग सहा महिन्यांनी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून हा लेख. मराठवाड्यातल्या वैद्यकीय, फार्मसी आणि बायोटेक महाविद्यालयांत उपलब्ध साधनांवर हे काम करू पाहणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. उदाहरण म्हणून नांदेडकडच्या केळीच्या खोडापासून केलेली सेल्युलोजची फिल्म घेतली आहे. कापूस, सोयाबीन किंवा डिंकाचा पदार्थ असला तरी क्रम हाच राहतो.

इशारा: यातलं काहीही घरी कानात घालण्यासाठी नाही. रुईच्या पानाचा रस, लसणाचं गरम तेल असलं काही फुटक्या पडद्याच्या कानात गेलं तर ते थेट मधल्या कानात उतरतं. तिथून आतल्या कानाची खिडकी फार लांब नाही.

## आधी कागदावर: हे नक्की कुठे बसणार?

"कानाच्या शस्त्रक्रियेसाठी" एवढं पुरेसं नाही. एक वाक्य लिहा आणि मार्गदर्शकांची सही घ्या. उदाहरणार्थ: "पडद्याच्या मध्यभागी असलेल्या भोकाला आतल्या बाजूने लावायचं ठिगळ, जे तीन महिन्यांहून जास्त काळ जागेवर राहील."

हे वाक्य पुढच्या सगळ्या चाचण्या ठरवतं. आयएसओ १०९९३ या, वैद्यकीय उपकरणांची शरीरातली सुरक्षितता तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत शरीराशी संपर्काचे तीन कालावधी आहेत: २४ तासांपर्यंत, २४ तास ते ३० दिवस, आणि ३० दिवसांहून जास्त. शस्त्रक्रियेनंतर कानाच्या नळीत भरायचा बोळा दुसऱ्या गटात जाईल. पडद्याचं ठिगळ तिसऱ्यात जातं आणि तिथे चाचण्यांची यादी बरीच लांबते. हाडांच्या साखळीतला तुटलेला दुवा जोडायचा असेल तर तो पूर्ण वेगळा विषय आहे. मऊ फिल्मवरचे निष्कर्ष तिथे चालत नाहीत.

कशाशी तुलना करणार तेही आत्ताच लिहा. शल्यचिकित्सक आज कानाच्या वरच्या स्नायूवरचं आवरण, म्हणजे टेम्पोरालिस फॅशिया, किंवा कानाच्या पुढच्या कूर्चेचा काप वापरतात. तुमचं ठिगळ त्याच्या शेजारी उभं राहिलं पाहिजे. नुसत्या उघड्या भोकाशी तुलना करून काही सिद्ध होत नाही.

## टप्पा १: कच्चा माल

१. झाडाचं शास्त्रीय नाव, वाण, शेताचं ठिकाण, घड उतरवल्याची तारीख आणि खोड कापल्याची तारीख नोंदवा. "मोंढ्यातून आणलं" ही नोंद नव्हे.

२. शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, हे शेतकऱ्याला विचारा. केळीपेक्षा कापसात हा प्रश्न मोठा. कीटकनाशकाच्या अंशाची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घ्या.

३. खोड त्याच दिवशी सोला. आपल्याकडे उन्हात वाळवायची सवय असते, पण ओलं खोड वाळायला वेळ घेतं आणि तेवढ्यात बुरशी धरते. नंतर उकळून बुरशी मरते, तिचे अवशेष मात्र राहतात आणि सातव्या टप्प्यात आडवे येतात.

४. पाणी. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड आहे, टँकरच्या पाण्याचा तर भरवसाच नाही. पहिल्या धुण्यापासून डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी वापरा. एका तुकडीत आम्ही पहिली धुणी नळाच्या पाण्याने केली आणि फक्त शेवटची डिस्टिल्डने. वाळल्यावर फिल्मच्या कडेला पांढरी रेघ आली. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्षार होते. ती सगळी तुकडी फेकली.

तपासणी: ठरावीक वजनाचा नमुना जाळून त्याची राख मोजा. तुकडीगणिक राखेचं प्रमाण फार बदलत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: बनवण्याची पद्धत गोठवा

सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता, तापमान, वेळ, ब्लीचिंग, धुण्यांची संख्या, फिल्म ओतण्याची जाडी, वाळवण्याचं तापमान हे सगळं एका पानावर लिहा आणि पुढे त्यात हात घालू नका. विद्यार्थी पेशींचे निकाल वाईट आले की ब्लीच वाढवतात आणि आधीच्या चाचण्या मात्र तशाच ठेवतात. पद्धत बदलली की तो नवा पदार्थ. त्याचा हिशेब मोजमापाच्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरू होतो.

ब्लीचिंगला शक्यतो हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. क्लोरीनचे अंश राहिले तर ते काढणं कटकटीचं जातं.

पान किंवा फळाच्या पेशी काढून फक्त सांगाडा ठेवत असाल तर एसडीएस वापराल. एसडीएस हे साबणासारखंच रसायन आहे आणि पेशींचं आवरण फाडणं हेच त्याचं काम. थोडं जरी उरलं तरी नंतर लावलेल्या पेशी मरतात आणि दोष वनस्पतीवर जातो. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात धुतल्याने उरलेलं एसडीएस बाहेर काढायला मदत होते. त्यानंतर पुन्हा भरपूर पाणी.

तपासणी: धुतलेली फिल्म २४ तास शुद्ध पाण्यात ठेवा. त्या पाण्याचा सामू साध्या शुद्ध पाण्याच्या जवळ हवा. बाटली हलवल्यावर फेस टिकला तर अजून धुवा.

## टप्पा ३: निर्जंतुकीकरण, चाचण्यांच्या आधी

सगळ्यांत जास्त वेळ इथे वाया जातो. अनेकजण आधी सगळ्या चाचण्या करतात आणि "शेवटी ऑटोक्लेव्ह करू" म्हणतात. पण कानात जाणारा तुकडा निर्जंतुक केलेला असणार, म्हणून मोजायचा तोच.

१. ऑटोक्लेव्ह, १२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटं: सोपं, जवळपास प्रत्येक महाविद्यालयात आहे. फिल्म ओली ठेवून करा. कोरडी केली तर कडा वळतात. डिंक किंवा स्टार्चचे पदार्थ यात विरघळून जाऊ शकतात.

२. गॅमा किरण: साधारण २५ किलोग्रे मात्रा वापरली जाते. सोय मुंबईला तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) आयसोमेड केंद्रात आहे. मात्र गॅमाने सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात. फिल्म पिवळसर आणि ठिसूळ होते का, ते आधी दोन-चार तुकड्यांवर बघा.

३. इथिलीन ऑक्साइड: सच्छिद्र वनस्पतीजन्य पदार्थ हा वायू धरून ठेवतात. हवेशीर ठेवण्याचा काळ आणि उरलेल्या वायूची मोजणी दोन्ही लागतात.

मातीतून आलेल्या खोडावर बॅसिलस जातीचे बीजाणू असतात आणि ते चिवट असतात. अल्कोहोलमध्ये बुडवणं किंवा अतिनील दिव्याखाली ठेवणं हे निर्जंतुकीकरण नाही. प्रबंधात तसं लिहिलेलं अजूनही दिसतं.

## टप्पा ४: रसायन

इथे चार गोष्टी पुरेत.

लिग्निन आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे खोडात सेल्युलोजसोबत असणारे घटक. एफटीआयआर (अवरक्त किरणांच्या) आलेखात १५१० च्या आसपास लिग्निनचा आणि १७३५ च्या आसपास हेमिसेल्युलोजचा ठसा असतो. कच्च्या खोडाचा आणि तयार फिल्मचा आलेख एकाखाली एक ठेवा.

स्टार्च. आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. शरीरात राहिलेले स्टार्चचे कण गाठी करतात. हातमोज्यांच्या पावडरीमुळे शल्यचिकित्सकांना हे चांगलं ठाऊक आहे.

प्रथिनं. केळी हाताळत असाल तर ही चाचणी कधीच टाळू नका. रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या अनेकांना केळ्याचीही ॲलर्जी असते, कारण दोन्हींतली काही प्रथिनं एकमेकांसारखी आहेत. लॅटेक्सचे हातमोजे घालून केळीचं ठिगळ लावणाऱ्या शस्त्रक्रियागृहात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. ब्रॅडफोर्ड किंवा बीसीए पद्धतीने उरलेली प्रथिनं मोजा.

सुटे धागे. फिल्म पाण्यात हलवा, पाणी गाळा, गाळणकागद ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सेल्युलोजचे धागे काळ्या पार्श्वभूमीवर चकाकतात. मधल्या कानात सुटलेला एक धागासुद्धा भोवती गाठ बांधून घेऊ शकतो.

## टप्पा ५: हातात कसं वागतं

माणसाचा पडदा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड आणि ८ ते १० मिलिमीटर व्यासाचा असतो. ठिगळ याच्या कितीतरी पट जाड असेल तर आवाजाचं कंपन अडेल.

ताण चाचणी ओल्या अवस्थेत, ३७ अंशांवर करा. कोरड्या फिल्मचे आकडे छान दिसतात, पण कानात ती कोरडी राहणार नाही. जुन्या मोजमापांत पडद्याचा यंग गुणांक (ताठपणाचं माप) साधारण २० ते ४० मेगापास्कल दिला जातो. तुमचा आकडा त्याच्या कुठे बसतो ते सांगा, तंतोतंत जुळायची गरज नाही. लेझर डॉपलर कंपनमापक असलेल्या संस्थेशी संधान बांधता आलं तर २५० ते ४००० हर्ट्झमधलं कंपन मोजून घ्या.

यापुढची चाचणी स्वस्त आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. खाटकाकडून बोकडाचं ताजं मुंडकं आणा. कानाच्या शस्त्रक्रियेचा सराव करणारे निवासी डॉक्टर असंच करतात. सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याला भोक पाडा आणि तुमचं ठिगळ आतल्या बाजूने सरकवायला एका अनुभवी शल्यचिकित्सकाला सांगा. तुम्ही फक्त बघा आणि लिहा: चिमट्याला चिकटतं का? ओलं झाल्यावर गुंडाळी होते का? कडा भोकाखाली नीट पसरतात का? रक्तात दिसतं का, की हरवतं?

आमची पहिली फिल्म इथेच नापास झाली. टेबलावर सपाट, देखणी होती. ओल्या कानात गेली आणि वाळलेल्या पानासारखी आत वळली. शल्यचिकित्सक सरांनी तीनदा उलगडली, तीनदा वळली. कारण वाळवताना एक बाजू काचेला चिकटलेली होती आणि दुसरी उघडी, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या फुगत नव्हत्या. ही गोष्ट ताण चाचणीच्या कोणत्याही आकड्यात दिसली नव्हती.

तपासणी: इथे नापास झालात तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा. पेशी आणि प्राणी दोन्ही वाचतील.

## टप्पा ६: पेशींवरची चाचणी

तयारी. एल९२९ ही उंदराच्या फायब्रोब्लास्टची पेशीरेषा आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागात वापरली जाते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून ती मिळते. वाढत्या पेशींचा फ्लास्क आणायचा तर एप्रिल-मे टाळा. संभाजीनगरपर्यंतच्या रस्त्यात बंद गाडीत फ्लास्क तापला की पेशी गेल्या. इनक्युबेटरला बॅटरीचा आधार आहे ना, तेही आधी बघा, भारनियमन पेशींसाठी थांबत नाही.

अर्क काढणं. पेशींवर फिल्म नव्हे, फिल्म भिजवलेला द्रव म्हणजे अर्क घालायचा असतो. चुका इथे सुरू होतात, म्हणून हिशेब पूर्ण मांडते.

१. ०.५ मिलिमीटरपेक्षा पातळ फिल्मला दर मिलिलिटर द्रवामागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागतो.

२. पृष्ठभाग म्हणजे दोन्ही बाजू. ६ मिलिलिटर अर्कासाठी ३६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवा, म्हणजे फिल्मचा ३ बाय ६ सेंटिमीटरचा एक तुकडा. एकच बाजू मोजली तर दुप्पट फिल्म पडते आणि अर्क दुप्पट तीव्र होतो.

३. फिल्म द्रव पिते. तुकडा कोरडा ०.१ ग्रॅम आणि भिजून ०.३ ग्रॅम भरला, तर सुमारे ०.२ मिलिलिटर द्रव तिने प्यायला. तेवढा जास्त घाला. हे विसरलं की अर्क घट्ट होतो आणि निष्पाप फिल्म विषारी ठरते.

४. सीरम असलेल्या माध्यमात ३७ अंशांवर २४ तास ठेवा. अर्क गाळू नका. गढूळ आला तर तशी नोंद करा, कारण ते कणच कदाचित गुन्हेगार असतील.

५. १००, ५०, २५ आणि १२.५ टक्के तीव्रता, प्रत्येकी पेशींच्या प्लेटचे किमान तीन खळगे. सोबत निर्दोष ठरलेला पदार्थ, विषारी ठरलेला पदार्थ आणि नुसतं माध्यम. विषारी नमुन्याने पेशी मेल्या नाहीत तर त्या दिवसाची अख्खी चाचणी रद्द.

कोऱ्या नमुन्याच्या (नुसत्या माध्यमाच्या) तुलनेत जिवंत पेशी ७० टक्क्यांखाली गेल्या तर पदार्थ पेशीघातक मानतात.

एमटीटीचा सापळा. जिवंत पेशी मोजायला एमटीटी हे रसायन टाकतात; जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. नांदेडजवळच्या अर्धापूरकडच्या कुणालाही विचारा, केळीचा चीक कपड्याला लागला की डाग निघत नाही. तो डाग पॉलिफेनॉलचा असतो. हीच पॉलिफेनॉलं एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करतात.

एक विद्यार्थिनी अशीच आनंदाने आली होती. "मॅडम, एकशे बारा टक्के पेशी जिवंत!" मी तिला म्हटलं, उद्या एका रांगेत पेशी न टाकता फक्त अर्क आणि एमटीटी टाक. दुसऱ्या दिवशी ती प्लेट घेऊन आली आणि काही बोललीच नाही. बिनपेशींचे खळगेही जांभळे झाले होते. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे फोटो आधीच काढले असते, तर गोल होऊन सुटलेल्या पेशी तिला त्याच दिवशी दिसल्या असत्या.

म्हणून तीन गोष्टी सक्तीच्या करा:

- प्रत्येक प्लेटवर अर्काच्या प्रत्येक तीव्रतेसाठी बिनपेशींचे खळगे.
- एमटीटी टाकण्यापूर्वी अर्क काढून पेशी धुवायच्या.
- निकालाची खात्री न्यूट्रल रेड (जिवंत पेशी शोषून घेतात तो रंग) सारख्या वेगळ्या तत्त्वाच्या चाचणीने करायची, आणि सोबत पेशींचे फोटो.

कानासाठी वेगळं. एल९२९ त्वचेखालच्या ऊतीबद्दल सांगतात, ऐकण्याच्या पेशींबद्दल नाही. मधल्या कानातला पदार्थ गोल खिडकीच्या पातळ पापुद्र्यातून आतल्या कानात झिरपू शकतो. माणसात हा पापुद्रा जेमतेम ०.०७ मिलिमीटर असतो. म्हणून एचईआय-ओसी१ या कानाच्या पेशीरेषेवर किंवा झेब्राफिश माशाच्या अंगावरच्या केसपेशींवर (आपल्या आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशींसारख्या) तोच अर्क तपासा. निओमायसिन हे प्रतिजैविक हा इथला विषारी नमुना.

## टप्पा ७: एंडोटॉक्सिन आणि बुरशी

ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूंच्या आवरणातलं विष तसंच राहतं. काचेची भांडी २५० अंशांवर ३० मिनिटं कोरडी तापवा.

मोजणी एलएएल या एंडोटॉक्सिनच्या नेहमीच्या पद्धतीने केली तर सेल्युलोजमधले बीटा-ग्लुकॅन (साखरेच्या साखळ्या) त्या चाचणीला फसवतात आणि नसलेलं एंडोटॉक्सिन दाखवतात. बुरशी लागलेलं खोड वापरलं असेल तर बुरशीचं ग्लुकॅन त्यात आणखी भर घालतं. ग्लुकॅन रोखणारं बफर वापरा किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर सी पद्धत घ्या. बहुतेक उपकरणांसाठी मर्यादा प्रत्येकी २० एंडोटॉक्सिन एकके आहे.

वाहत्या कानात स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू नेहमी सापडतात. फिल्मवर हे दोन्ही किती चिकटतात ते फॅशियाशी तुलना करून मोजा. त्याबरोबर ॲस्परजिलसही तपासा. कानाच्या नळीत वाढणारी ही बुरशी सेल्युलोज पचवते. ठिगळाची बाहेरची बाजू त्याच नळीकडे असते.

## टप्पा ८: किती दिवस टिकतं

ही चाचणी सर्वांत लांब चालते, म्हणून तिसरा टप्पा संपला की लगेच लावून टाका. फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर, १, २, ४, ८ आणि १२ आठवड्यांनी वजन आणि ताकद. बफर ठरावीक दिवसांनी बदला.

काइटोसान या वेगळ्या पदार्थावरच्या कामातून कार्यपद्धती उतरवून लायसोझाइम हे विकर घालणारे बरेच भेटतात. लायसोझाइम सेल्युलोजला तोडत नाही. माणसाच्या शरीरात सेल्युलोज तोडणारं विकरच नाही, त्यामुळे साधं सेल्युलोज जागेवरच राहणार असं धरून चाला. ऑक्सिडीकृत सेल्युलोज मात्र विरघळतं. तुम्हाला यातलं कोणतं हवंय हे पहिल्या पानावरच्या वाक्यात असायला हवं.

## टप्पा ९: प्राणी

सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती) नोंदणी असलेलं प्राणीगृह आणि संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची लेखी मंजुरी, हे दोन्ही हातात आल्याशिवाय एकही प्राणी आणू नका. मंजुरी नंतर घेऊन चालत नाही.

१. गिनीपिगच्या पडद्याला ताजं भोक पाडून ठिगळ लावू नका. ते भोक काही दिवसांत आपोआप भरतं आणि यश ठिगळाच्या नावावर जमा होतं. जुनं, न भरणारं भोक तयार करा आणि फॅशियाचा गट ठेवा.

२. शस्त्रक्रियेआधी प्रत्येक कानाची बेरा, म्हणजे आवाजाला उठणाऱ्या विद्युत लहरी मोजणारी श्रवणचाचणी करा. भुलीत प्राण्याचं अंग गार पडलं की लहरी उशिरा येतात, म्हणून अंगाखाली गरम गादी हवी.

३. ठिगळ लावल्यावर ऐकू येण्याची पातळी घसरलेली दिसली तर लगेच "कानाला विषारी" लिहू नका. मधल्या कानात पाणी किंवा जाड ठिगळ असलं तरी आवाज अडतो. हाडामार्गे चाचणी आणि शेवटी केसपेशींची मोजणी, यांवरूनच ठरवा.

४. ऊतीचे काप बघणाऱ्याला कोणता कान कोणत्या गटातला हे माहीत नसावं. हाड ईडीटीए या कॅल्शियम काढून घेणाऱ्या रसायनात मऊ व्हायला काही आठवडे लागतात. घाईने तीव्र आम्ल वापरलं की केसपेशी ओळखू येत नाहीत.

## टप्पा १०: माणूस

महाविद्यालयातल्या निकालांवर माणसात जाता येत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सुरक्षिततेच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशी सोय आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार चाचणीपुरतं उत्पादन करायला एमडी-१३ परवाना आणि माणसांवरच्या तपासणीसाठी एमडी-२३ परवानगी लागते. नोंदणीकृत नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या देशातल्या रुग्णचाचण्यांच्या नोंदवहीतली नोंद पहिल्या रुग्णाच्या आधी.

पहिले रुग्ण कोरड्या कानाचे, मध्यभागी लहान भोक असलेले, आणि दुसरा कान चांगला ऐकणारे निवडा. एकाच कानाने ऐकणाऱ्या माणसाचा तो कान कधीही नाही. संमतीपत्र मराठीत लिहा आणि वाचून दाखवा. "हे केळीचं आहे" म्हटल्यावर "मग अपाय कसला?" असं रुग्ण म्हणतात. तिथे थांबून ॲलर्जीबद्दल विचारा.

तपासणीच्या तारखा ऊसतोडीचं वेळापत्रक समोर ठेवून आखा. बीड आणि आसपासची बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. ठिगळ बसलं की नाही हे तीन महिन्यांनी ठरतं. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया केलेला माणूस त्या तारखेला दुसऱ्या जिल्ह्यात फडात असतो. एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया घेतली तर तीन महिन्यांची तपासणी तो गावी असतानाच होते. सहा महिन्यांच्या तपासणीसाठी कारखान्याजवळच्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा आणि गावात मागे राहणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्या.